नादयंत्रांच्या दुर्मिळ चिपा व त्यांचा शोध

सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दींत, चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली. त्या महामंडळाच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून या वसाहतीस लोक ‘चिंचोळी एमआयडीसी’ म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील, चुलते किंवा थोरले बंधु तेथें कामास जातात. म्हणून तिचें सविस्तर वर्णन करण्याचें कारण नाहीं. तेथें मोटारींच्या इंजिनांस लागणारे कॅमशाफ्ट घडतात, रसायनें तयार होतात, कापडाचीं यंत्रें चालतात. व्यवसाय निरनिराळे असले तरी या कारखान्यांतील आधुनिक यंत्रांच्या पोटांत एक वस्तु समान आढळते. ती म्हणजे नखाएवढी एक काळी वडी. तिच्या बाजूंस धातूचे बारीक पाय असतात आणि पाठीवर कांहीं अक्षरें व आंकडे छापलेले असतात. तिला ग्रंथांत ‘एकात्मिक मंडल’, दुकानांत ‘आयसी’ आणि सामान्य व्यवहारांत ‘चिप’ म्हणतात. ती बिघडली आणि तिच्या जागीं बसविण्यास दुसरी मिळाली नाहीं, तर मोठें यंत्रहि हात जोडून उभें राहतें. कारखान्याच्या देखभाल विभागांत काम करणाऱ्या पालकांस हा अनुभव नवा नाहीं.

तोच अनुभव आतां त्यांच्या घरांतील मुलांस येऊं लागला आहे. हल्लीं पुष्कळ विद्यार्थ्यांस नादयंत्रें, म्हणजे आवाज मोठा करणारीं, घुमविणारीं किंवा नवा स्वर उत्पन्न करणारीं यंत्रें, स्वहस्तें बनविण्याचा छंद जडला आहे. कोणी गायनमंडळासाठीं ध्वनिवर्धक बनवितो, कोणी भजनासाठीं प्रतिध्वनीची पेटी करितो, कोणी बंद पडलेला जुना कीबोर्ड पुन्हा बोलता करूं पाहतो. छंद निर्दोष आहे व बुद्धीस चालना देणारा आहे. परंतु त्यांत एक पायरी अशी येते कीं, सर्व सामान जमतें आणि एका चिपेपाशीं काम अडतें. मुलगा म्हणतो, “बाबा, ही सोलापुरांत मिळत नाहीं, पुण्याला जावें लागेल.” वडील म्हणतात, “एवढ्याशा तुकड्यासाठीं पुण्याचें भाडें?” दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परी खरें आहे. हा तुकडा सहज कां मिळत नाहीं, तो कोठें व कसा शोधावा, आणि मिळाल्यावर तो खरा कीं खोटा हें कसें ओळखावें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम साधी चिप व विशिष्ट चिप यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. ‘५५५’ या क्रमांकाची वेळ मोजणारी चिप अमेरिकेंतील सिग्नेटिक्स कंपनीनें १९७२ सालीं बाजारांत आणिली. क्षीण विद्युत्-संकेत मोठा करणारी ‘७४१’ ही त्याहूनहि जुनी, १९६८ सालची. या दोन्ही आजहि तयार होतात व इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बहुतेक दुकानांत अल्प किंमतींत मिळतात. कारण त्यांचे उपयोग शेंकडों आहेत. घरांतील डाव किंवा पळी जशी रोज लागते, तशा त्या होत. विशिष्ट चिप ही मात्र चकलीच्या सोऱ्यासारखी आहे. तिचें काम एकच, पण तें दुसऱ्या कशानेंहि तसें साधत नाहीं. सोऱ्या दिवाळीला लागतो. म्हणून डाव-पळ्यांच्या मानानें तो दुकानांत थोडाच असावयाचा.

अशा एका विशिष्ट चिपेचें काम येथें जरा विस्तारानें सांगतों, म्हणजे पुढील सर्व विवेचन समजण्यास सुलभ जाईल. इमारतीचा स्लॅब टाकतांना कामगारांची रांग उभी असते. खालच्या माणसानें भरलेलें घमेलें वरच्याच्या हातीं द्यावें, त्यानें त्याच्या वरच्याच्या, असें करीत माल माथ्यावर पोहोंचतो. १९६९ सालीं हॉलंडांतील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत सँगस्टर व टेर या दोन शास्त्रज्ञांनीं हीच युक्ति विजेच्या बाबतींत योजिली. त्यांच्या चिपेंत वीज सांठविणारीं शेंकडों सूक्ष्म घमेलीं एका ओळींत असतात. आवाजाचें विद्युद्रूप पहिल्या घमेल्यांत पडतें आणि घड्याळाच्या ठोक्यांबरोबर पुढच्या पुढच्या घमेल्यांत ओतलें जाऊन शेवटीं बाहेर येतें. या प्रवासास जो वेळ लागतो तोच विलंब. मूळ आवाजांत हा उशिरा आलेला आवाज मिसळला कीं प्रतिध्वनि निर्माण होतो. या जातीच्या चिपांस इंग्रजींत जें नांव आहे त्याचाहि अर्थ ‘बादल्यांची रांग’ असाच आहे. कारण तिकडे आग विझविण्यासाठीं लोक रांगेनें उभे राहून बादल्या हातोहात देत असत. पुढें जपानांतील मात्सुशिता कंपनीनें, जिचें आजचें नांव पॅनासोनिक, अशा चिपा मोठ्या प्रमाणावर बनविल्या. त्यांतील ‘एमएन ३००७’ या चिपेंत १०२४ घमेलीं असत, तर ‘एमएन ३००५’ या चिपेंत ४०९६.

हा आंकड्यांचा फरक किती महत्त्वाचा आहे, हें एका ओळखीच्या उदाहरणानें दाखवितों. सोलापूरच्या शाळांच्या सहली विजापूरचा गोलघुमट पाहण्यास जातात. त्या घुमटाखालीं टाळी वाजविली असतां ती पुनःपुन्हां ऐकूं येते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः अनुभविलें असेल. त्या घुमटाचा आंतील व्यास सुमारें ३८ मीटर आहे, आणि ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे एका भिंतीपाशीं निघालेला आवाज समोरच्या भिंतीपाशीं पोहोंचण्यास सेकंदाचा सुमारें नववा भाग लागतो. एवढाच विलंब आपणांस चिपेकडून हवा आहे असें समजूं. विलंब काढण्याचा नियम सोपा आहे: घमेल्यांची संख्या घ्यावी, आणि घड्याळ सेकंदास जितके ठोके देतें त्याच्या दुपटीनें तिला भागावें. ३००७ चें घड्याळ तिच्या निर्मात्यांनीं ठरविलेल्या किमान गतीनें, म्हणजे सेकंदास १०,००० ठोक्यांनीं, चालविलें तर १०२४ भागिले २०,००० म्हणजे सेकंदाचा सुमारें विसावा भाग एवढाच विलंब मिळतो. ३००५ त्याच गतीनें चालविली तर सेकंदाचा सुमारें पांचवा भाग मिळतो. सारांश, पहिल्या चिपेंत गोलघुमट मावत नाहीं, दुसरींत मावतो.

मग घड्याळ आणखी हळू कां चालवूं नये, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, ठोके विरळ झाले म्हणजे आवाजांतील बारीक व उंच स्वर रांगेंतून गळून पडतात. गाणें घोंगडीआडून यावें तसें ऐकूं येतें, आणि घड्याळाची शीळ त्यांत मिसळते. चार लहान चिपा एकीपुढें एक जोडल्या तर विलंब वाढतो, पण प्रत्येकीची खरखरहि बेरजेस येते. तेव्हां ‘मला अमुकच चिप हवी’ असें मुलगा म्हणतो तें पुष्कळदां हट्टानें नव्हे, हिशेबानें म्हणत असतो, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. आणि आपल्या मागणीमागें असा हिशेब खरोखर आहे कीं नाहीं, हें मुलानेंहि स्वतःस विचारून पाहावें.

आतां अशा चिपा दुर्मिळ कां होतात तें पाहूं. सोलापूरच्या वाचकांस हें समजावून सांगणें कठीण नाहीं. एका चादरीसाठीं कोणी मागावर नवा ताणा चढवीत नाहीं. ताणा चढविला कीं त्यावर पुष्कळ चादरी निघाव्या लागतात, तरच खर्च भागतो. चिपांचें तसेंच आहे. सिलिकॉनच्या एका पातळ तबकडीवर शेंकडों, कधीं हजारों चिपा एकदम उमटतात, आणि त्यासाठीं लागणारी तयारी अतिशय खर्चाची असते. मागणी घटली कीं कारखानदार ती चिप बंद करितो. नादयंत्रांच्या चिपांस मुळांतच गिऱ्हाईक थोडें. त्यांत विलंब व प्रतिध्वनि यांचें काम अंकगणिती पद्धतीच्या नव्या चिपा स्वस्तांत करूं लागल्या, तेव्हां घमेल्यांच्या रांगेची मागणी ओसरली व मात्सुशितानें त्या चिपा बनविणें सोडून दिलें.

दुसरें कारण म्हणजे चिपेचें बदलतें रूप. पूर्वीं चिपेचे पाय लांब असत. ते पट्टीच्या छिद्रांतून घालून मागून सोल्डर करीत. आतां कारखान्यांत यंत्रें चिपा बसवितात, आणि यंत्रांस पट्टीच्या पृष्ठभागावर चिकटविण्याच्या चपट्या, बारीक पायांच्या चिपा सोयीच्या पडतात. त्यामुळें एखादी चिप नांवानें जिवंत असूनहि हातानें काम करणाऱ्या विद्यार्थ्यास ती नाहींशी झाल्यासारखी वाटते. तिसरें कारण कंपन्यांचीं स्थित्यंतरें. नॅशनल सेमिकंडक्टर ही जुनी कंपनी २०११ सालीं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनें विकत घेतली. असें झालें म्हणजे जुन्या नांवानें शोधणारा गोंधळतो, आणि नवा मालक कांहीं माल चालू ठेवितो तर कांहीं बंद करितो.

चौथें कारण आपत्तीचें. ऑक्टोबर २०२० मध्यें जपानांतील नोबेओका येथें असाही कासेई कंपनीच्या चिपांच्या कारखान्यास आग लागली व ती कांहीं दिवस धुमसत राहिली. आंकड्यांच्या रूपांत सांठविलेलें संगीत पुन्हा ध्वनीच्या रूपांत आणणाऱ्या तेथील चिपा जगांतील अनेक नामांकित यंत्रांत वापरल्या जात. त्या एकाएकीं मिळेनाशा झाल्यामुळें मोठमोठ्या कंपन्यांसहि आपल्या यंत्रांची रचना बदलावी लागली. जेथें अशा कंपन्यांची ही अवस्था, तेथें शाळकरी मुलानें आपली चिप मिळाली नाहीं म्हणून खट्टू होण्याचें कारण नाहीं.

तथापि या क्षेत्रांत मेलेलें पुन्हा उठतें, असाहि अनुभव आहे. अमेरिकेंत डग कर्टिस या कल्पक माणसानें १९७९ सालीं केवळ वाद्यांसाठीं चिपा बनविणारी कंपनी काढिली. तिची ‘सीईएम ३३४०’ ही स्वर उत्पन्न करणारी चिप ‘प्रॉफेट ५’ या गाजलेल्या वाद्याच्या तिसऱ्या आवृत्तींत बसविलेली होती. पुढें ती बंद पडली, आणि जुन्या वाद्यांच्या मालकांस एका चिपेसाठीं जगभर शोध करावा लागे. कर्टिस २००७ सालीं वारले. पण छंदी लोकांची मागणी थोडी असली तरी थांबली नाहीं, आणि २०१६ सालीं तीच चिप पुन्हा बनूं लागली. लाटव्हिया देशांतील रिगा शहरीं अल्फा नांवाच्या कारखान्यानेंहि तिच्या जोडीची चिप तयार केली. चीनमधील बेलिंग व कूलऑडिओ यांनीं घमेल्यांच्या रांगेच्या कांहीं चिपा पुनः बाजारांत आणिल्या. म्हणून शोधास निघण्यापूर्वीं ‘ही चिप किंवा तिची जुळी बहीण आज कोणी बनवितो काय?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

शुभवर्तमानांतील हरवलेल्या नाण्याचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्या स्त्रीनें घर झाडण्यास आरंभ करण्यापूर्वीं दिवा लावला, ही गोष्ट वाचतांना सहज निसटून जाते. अंधारांत झाडणाऱ्याचें नाणें केरांतच जाण्याचें भय असतें. चिपेच्या शोधांत दिवा म्हणजे तिचें माहितीपत्रक. त्यास ‘डेटाशीट’ म्हणतात. निर्माते तें विनामूल्य देतात, आणि बंद झालेल्या चिपांचींहि माहितीपत्रकें संगणकावर बहुधा मिळतात. केवळ क्रमांक घेऊन बाजारांत जाणारा मनुष्य विकणाऱ्याच्या हातीं सांपडतो. चिपेचें कार्य जाणणारा मात्र स्वतंत्र असतो. ‘ही नाहीं, पण ही चालेल’ असें कोणी म्हटलें तर तें खरें कीं खोटें हें तो स्वतः ठरवूं शकतो. आमच्या मतें या सर्व विषयाचें सार एवढेंच आहे.

माहितीपत्रकांतून चार गोष्टी वहींत उतरून घ्याव्यात: चिपेचें नेमकें कार्य, तिला लागणारा विजेचा दाब, पायांची संख्या व रूप, आणि तिच्या सोबतीस लागणाऱ्या दुसऱ्या चिपा. एका आंकड्यानें केवढा फरक पडतो पाहा. एमएन ३००७ ही पंधरा व्होल्टांपर्यंत चालणारी, व तिच्या सोबतीस घड्याळ म्हणून एमएन ३१०१ लागते. एमएन ३२०७ हींतहि घमेलीं १०२४ च. परंतु ती पांच व्होल्टांच्या बेताची, तिच्या विजेच्या टोकांची मांडणी उलट, आणि तिची सोबतीण एमएन ३१०२. एकीच्या जागीं दुसरी खोंचली तर ती बहुधा त्याच क्षणीं निकामी होईल. तसेंच क्रमांकाच्या शेवटचें अक्षर. ‘एलएम १३७००’ या चिपेच्या शेवटीं ‘एन’ असेल तर पाय लांब, ‘एम’ असेल तर ती चिकटविण्याची. चुकून चिकटविण्याची आली तरी फेंकून देऊं नये. तिच्यासाठीं लांब पायांच्या लहान जोडपट्ट्या मिळतात, त्यांवर ती बसवितां येते.

दिवा लावल्यावर कधीं कधीं असेंहि दिसतें कीं, शोधण्याची गरजच नाहीं. भजनासाठीं किंवा गायनमंडळासाठीं प्रतिध्वनीच हवा असेल तर दुर्मिळ ३००५ कशास? तैवानच्या प्रिन्स्टन कंपनीची ‘पीटी २३९९’ ही सोळा पायांची चिप पांच व्होल्टांवर चालते, आणि सेकंदाच्या सुमारें तिसाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंत विलंब देते. म्हणजे तींत गोलघुमट सहज मावतो. स्वस्त गाण्याच्या यंत्रांत ती पुष्कळ वापरली गेल्यामुळें ती अल्प किंमतींत मिळते. तिच्यांत आवाज आंकड्यांच्या रूपांत सांठविला जातो, त्यामुळें नादाची जात थोडी निराळी लागते, आणि तिच्यासाठीं सर्किटहि निराळें मांडावें लागतें. नवी पेटी करणाऱ्यास ती पुरे. जुनें यंत्र दुरुस्त करणाऱ्यास मात्र मूळ चिप, किंवा पायास पाय जुळणारी तिची जोड, हवीच. तसेंच बंद झालेल्या ‘सीए ३०८०’ या चिपेचें काम पुष्कळ ठिकाणीं एलएम १३७०० करूं शकते. तिच्यांत तशा प्रकारचे दोन वर्धक एकत्र असतात, पण पायांची मांडणी निराळी असल्यामुळें पट्टी बदलावी लागते.

इतकें करूनहि मूळ चिपच हवी असें ठरलें, तर शोध जवळून दुरीकडे न्यावा. प्रथम गांवांतील जुन्या रेडिओ व टेप दुरुस्त करणाऱ्या कारागिरांस विचारावें. त्यांच्या खणांत वीस वर्षांपूर्वींचा माल निघतो, आणि मालापेक्षांहि मोलाचें असें ज्ञान त्यांच्यापाशीं असतें. त्यानंतर बंद पडलेलीं यंत्रें. भंगारांत जाणाऱ्या कीबोर्डांत, ध्वनिवर्धकांत किंवा कारखान्याच्या टाकून दिलेल्या पट्ट्यांत चांगल्या चिपा असतात. सोल्डर शोषून घेणाऱ्या पंपानें त्या जपून काढतां येतात. मात्र येथें एक गोष्ट निक्षून सांगतों. चिंचोळीच्या वसाहतींतील असो वा अन्य कोठली, कारखान्याच्या मालकीची वस्तु, मग ती कचऱ्याच्या ढिगांत कां असेना, परवानगीवांचून घेऊं नये. वडील तेथें नोकरीस आहेत म्हणून मुलाचा त्या वस्तूवर अधिकार पोहोंचत नाहीं.

त्यापुढें पुणें. बुधवार पेठेंतील पासोड्या विठोबाच्या परिसरांत तपकीर गल्ली म्हणून विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाची जुनी बाजारपेठ आहे. हुतात्मा एक्सप्रेसनें सकाळीं निघून संध्याकाळीं त्याच गाडीनें परततां येतें. मुंबईस जाण्याचा प्रसंग आला तर ग्रँट रोड स्टेशनाजवळील लॅमिंग्टन रोड पाहावा. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव त्यास पडलें. आज त्याचें अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे. आमच्या शहरांतील अनेक पद्मशाली कुटुंबांचे आप्त हैदराबादेस असतात. तेथील कोटी भागांतील गुजराती गल्ली हीहि अशीच पेठ आहे. या ठिकाणीं जातांना क्रमांक, चालूं शकणारे पर्यायी क्रमांक व पायांचें रूप कागदावर स्पष्ट लिहून न्यावें, आणि शक्य तर बिघडलेली चिपहि बरोबर ठेवावी. भाडें भरून एका चिपेसाठीं जाण्यापेक्षां तीन-चार सोबत्यांची यादी एकत्र करून एकानें जावें, हें शहाणपणाचें.

भारतांत न मिळालेली चिप परदेशांतील अधिकृत वितरकांकडून मागवितां येते. अमेरिकेंतील डिजि-की व माउजर हे असे दोन मोठे वितरक होत. माल खात्रीचा, पण एका चिपेची किंमत थोडी असली तरी टपालखर्च व कर तिच्या कित्येक पटींनीं होतो, आणि मागविणाऱ्याची ओळखपत्रें द्यावीं लागतात. म्हणून हें काम पालकांच्या नांवानें व पालकांच्या संमतीनेंच व्हावें, आणि तेंहि अनेकांनीं मिळून. सहकाराची शिकवण महाराष्ट्रास नवी नाहीं. ती दुधास व साखरेस लागू पडते, तशी चिपेसहि लागू पडते.

आतां सर्वांत दुःखद भागाकडे वळतों. जी वस्तु दुर्मिळ, तिची नक्कल होते. सामान्य चिपेची पाठ घासून तिच्यावर दुर्मिळ चिपेचा क्रमांक छापतात. कधीं जुन्या पट्ट्यांतून काढलेल्या चिपेस नव्यासारखा रंग देतात. अशा मालानें पैसा जातो तो जातोच. पण त्याहून मोठी हानि निराळी आहे. मुलगा रात्ररात्र बसून सर्किट जुळवितो, सर्व जोड पुन्हा तपासतो, तरी यंत्र बोलत नाहीं. दोष त्या खोट्या वडींत असतो; तो मात्र ‘मला हें जमणारच नाहीं’ असें मनाशीं ठरवून छंद सोडून देतो. एका लबाडीनें एक होतकरू कारागीर नाहींसा होतो. म्हणून परीक्षा करण्याची संवय प्रारंभापासून लावून घ्यावी.

परीक्षेच्या खुणा अशा. बहुतेक चिपांवर चार आंकड्यांची तारीख असते. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ‘२३१४’ म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. दोन दशकांपूर्वीं बंद झालेल्या चिपेवर गेल्या वर्षाची तारीख असेल, तर आणखी पुरावा नको. दुर्मिळ म्हणून गाजलेली चिप कोणी मूठभर व कवडीमोलानें देऊं लागला तर संशय घ्यावा. भिंगाखालीं पाहतां पाठीवर एकाच दिशेनें गेलेले ओरखडे दिसले, कडा व पाठ यांचा रंग निराळा असला, किंवा वाटोळी खांच रंगानें भरलेली दिसली, तर ती पाठ घासलेली समजावी. नखांचा रंग काढण्याचें अ‍ॅसिटोन कापसावर घेऊन पुसलें असतां काळा रंग कापसास लागला तरीहि तेंच अनुमान करावें; मात्र हें द्रव्य चटकन् पेट घेतें, म्हणून वडीलधाऱ्यांसमक्ष, मोकळ्या हवेंत व दिव्यापासून दूर हा प्रयोग करावा. या खुणांनीं सारेच खोटें सांपडतें असें नाहीं. खरी कसोटी कामाची. ज्या सर्किटांत खरी चिप चालल्याची खात्री आहे, त्यांत नवी बसवून पाहणें हा शेवटचा व निश्चित उपाय होय.

यासाठींच पट्टीवर चिप सरळ सोल्डर न करतां आधीं तिचें सॉकेट सोल्डर करावें. चिपेवांचून वीज सुरू करून प्रत्येक टोकावरील दाब मल्टिमीटरनें मोजावा, तो माहितीपत्रकाशीं जुळला म्हणजे वीज बंद करून सर्वांच्या शेवटीं चिप बसवावी. आणखी एक सूचना. सोलापूरची हवा कोरडी. कोरड्या हवेंत सूत तुटतें म्हणून कापडाच्या गिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवितात, हें विणकर कुटुंबांस सांगावयास नको. त्याच कोरड्या हवेंत आपल्या अंगावर स्थिर वीज सांठते, आणि बोटाच्या नुसत्या स्पर्शानें ती नाजूक चिपेंत शिरून तिचा नाश करिते. नाश झाल्याची खूण मात्र बाहेरून दिसत नाहीं. म्हणून चिप तिच्या मूळ काळ्या फोमांत ठेवावी, आणि हातीं घेण्यापूर्वीं जमिनीशीं जोडलेल्या धातूच्या नळास किंवा खिडकीच्या गजास हात लावावा.

आपल्या देशांत चिपा घडविण्याचा प्रयत्न पूर्वींहि झाला आहे. मोहाली येथील सरकारी कारखान्यांत १९८४ सालीं उत्पादन सुरू झालें, आणि १९८९ सालच्या आगीनें त्यास मोठा धक्का बसला. मार्च २०२४ मध्यें गुजरातेंतील धोलेरा येथें एका मोठ्या नव्या कारखान्याची पायाभरणी झाली. असे कारखाने मोठ्या मागणीचाच माल प्रथम काढणार, हें उघड आहे. आमच्या छंदाच्या चिपा तेथें मिळतील अशी आशा धरणें व्यर्थ. परंतु तेथें माणसें लागतील, आणि एका चिपेचें माहितीपत्रक अक्षरशः वाचून, हिशेब करून, खरें-खोटें पारखून ज्यानें आपली पेटी बोलती केली, तो मुलगा किंवा ती मुलगी त्या कामास अपात्र ठरणार नाहीं.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें चिपेसाठीं पैसे मागितले तर लगेच नकार देऊं नये व लगेच पैसेहि देऊं नयेत. ‘ती काय काम करिते, तें मला समजावून सांग,’ असें म्हणावें. सांगतां आलें तर पैसे वायां जाणार नाहींत, असें खुशाल समजावें. सांगतां आलें नाहीं, तर त्यास पुन्हा माहितीपत्रकाकडे धाडावें. आणि विद्यार्थ्यांनीं, शोधांत जें हातीं आलें तें वहींत नोंदून ठेवावें: कोणती चिप कोठें मिळाली, कोणती खोटी निघाली, कोणीच्या जागीं कोणती चालली. ती वही पुढील वर्गांतील मुलांस द्यावी. चिप एकाच्याच उपयोगीं पडते. वही सर्वांच्या पडते.